स्वयंपाकघरातून ऐकलेली मालिका

कुठली मालिका बघायची आणि कुठली सोडून द्यायची, हे मला माझी थोरली बहीण सांगायची. अक्काला जळगावला मेहरूणमध्ये दिलेलं, मला धुळ्याला देवपुरात. आमचं माहेर मुक्ताईनगरकडचं, केळीच्या बागांमधलं. तिकडे जायचं तर मला जळगावला गाडी बदलावी लागे, म्हणून जाता-येता अक्काकडे एक मुक्काम ठरलेला असे. दुपारी मुलं निजली की ती भिंतीला पाठ लावून बसायची, सुपात काहीतरी निवडायला घ्यायची आणि म्हणायची, "आता आयक."

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्याकडे टीव्ही दिसायला लागून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे जे दिसेल ते सगळेच बघत. शेतीचे सल्ले, बातम्या, कुठल्या परदेशी पाहुण्याचं विमानतळावरचं स्वागत. अक्काचं तसं नव्हतं. ती चक्क नावं ठेवायची. "ती सोमवारची पाहू नको, त्यातली बाई पहिल्या भागापासून रडू राहिली." "त्या विनोदीवाल्यात त्याहिचं त्याहिलेच हसू येते." तिचं ऐकून मी कितीतरी मालिका न बघताच टाकून दिल्या. आणि मग एकदा ती म्हणाली, "ही मात्र पाह्य. काही बी बुडव, ही बुडवू नको."

मालिका हिंदी होती, आठवड्यातून एकदा लागायची. एका बड्या वकिलाच्या घरातली थोरली सून. नवरा बोटीवर नोकरीला, वर्ष वर्ष घरी नाही. घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या हिच्या कमरेला, पण कपाटांतलं काहीच हिचं नाही. ही एक दिवस ठरवते, शाळेत शिकवायला जायचं. आणि मग अख्खं घर तिच्या विरोधात उभं राहतं. गोष्ट एवढीच होती. पण अक्का सांगायला लागली की तो जिना, ती ओसरी, सासूच्या नाकातली नथ, सगळं समोर दिसायचं. सून घर सोडते तो प्रसंग तर तिनं मला दोनदा सांगितला होता. सासू जेवायला बसलीय. सून ताट आणून ठेवते, त्यावर दुसरं ताट पालथं झाकलेलं. सासू झाकण उचलते तर आत ना भात, ना पोळी. नुसता किल्ल्यांचा जुडगा. आणि ती मान वर करते तोवर सून उंबऱ्याबाहेर.

"एक शब्द बोलली नाही ती," अक्का म्हणायची. "एक शब्द नाही व."

त्यानंतर कित्येक महिने मी कुणाला ताट वाढलं की मला तो जुडगा दिसायचा.

पण मला स्वतःला हे काही बघायला मिळालं नव्हतं, आणि माझी सगळी चिडचिड तिथून सुरू होते.

टीव्ही आमच्याच घरात होता. गल्लीतला पहिला. माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, हौसेनं घेतला होता. नाना शिंदखेड्याकडच्या खेड्यातून येऊन धुळ्यात नोकरी करून निवृत्त झालेले. माणूस दिलदार. आपल्या घरी चार माणसं बसली नाहीत तर त्यांना जेवण गोड लागत नसे. मालिकेची वेळ झाली की ते स्वतः दाराशी उभे राहून हाका मारत, "या रे, या, बठ्ठा या!" बाहेरच्या खोलीत सतरंजी पडायची, खिडक्यांवर पोरं चढायची, म्हातारी माणसं खुर्च्यांवर. टीव्हीच्या लाकडी पेटीची दारं नाना स्वतःच्या हातानं उघडायचे. आणि नावं सरकायला लागली की मागे न बघता म्हणायचे, "बेटा, च्या!"

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात बाई म्हणून मीच. चुलीसमोर, म्हणजे गॅससमोर, उभं राहिलं की मला दारातून टीव्हीच्या पेटीचं उघडलेलं एक झाकण दिसायचं. फक्त झाकण. त्यावर चित्रातला उजेड हलायचा. तेवढ्यावरून मी ओळखायचे की आता दिवस आहे की रात्र.

आवाज मात्र सगळा यायचा. सून बोलते आहे, दीर ओरडतो आहे, मग बराच वेळ काहीच नाही, मग दार आपटल्याचा आवाज आणि बाहेर सगळ्यांचं "अरेरे". कशाचं अरेरे? मी आधण तसंच टाकून दारात यायचे तोवर टूथपेस्टची जाहिरात लागलेली असायची.

मी काय कमी खटपटी केल्या? आधीच चहा करून थर्मासमध्ये भरून ठेवला. नानांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हाई काय शे?" म्हणाले, "हाऊ च्या शे का काढा?" सगळ्यांपुढे. मग मला पुन्हा आधण ठेवावं लागलं. एकदा मी ह्यांचा दाढीचा आरसा स्वयंपाकघराच्या भिंतीला अशा बेतानं टांगला की त्यात टीव्ही दिसेल. आणि दिसला! उलटा, तळहाताएवढा, पण दिसला. सून जिन्यावर उभी होती. खरंच मोठा जिना होता. मी भान हरपून बघत राहिले, आणि तेवढ्यात समोरच्या घरातले एक जाडजूड गृहस्थ उशिरा आले आणि नेमके मध्ये बसले. पुढचा सगळा भाग मी आरशात त्यांचं टक्कल बघत काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना दाढी करायची होती म्हणून आरसा परत गेला.

ह्यांना विचारावं तर आणखीच संताप व्हायचा.

"काय झालं हो आज?"

"काही नाही. ती गेली."

"कुठे गेली?"

"घर सोडून."

"पण कशी गेली? काय म्हणाली?"

"अगं, गेली म्हणजे गेली. पायी गेली. वाढ आता."

अर्धा तास डोळे लावून बसलेला माणूस, आणि सांगायला एवढंच! म्हणून मग माझा सगळा जीव अक्कावर. जळगावला गेले की चपला काढायच्या आधी मी विचारायचे, "पुढे काय झालं?" ती हसायची, पाणी द्यायची आणि दुपारी सूप घेऊन बसायची. मालिकेच्या वारी तिच्याकडे मुक्काम करावा असं मला फार वाटे, पण ते कधी जमलं नाही. त्या दिवशी नानांची मंडळी जमणार, चहाला कोण? मी नेहमी एक दिवस आधी परत.

शेवटच्या भागाला तर कहरच झाला. मी त्या दिवशी ह्यांना आणि नानांना दोघांनाही बजावून सांगितलं होतं की आज मी बसणार. नाना म्हणालेही, "बस ना बेटा, कोन नही म्हनस?" मी दुपारपासून सगळं आवरून ठेवलं, पदर खोचला, सतरंजीच्या कडेला जाऊन बसले. नावं सुरू झाली. आणि लाईट गेली. अख्ख्या देवपुरात अंधार. पोरांनी खिडकीतून उड्या मारल्या. नाना अंधारातच म्हणाले, "बसा बसा, येई आते," आणि मग, "बेटा, तवलोंग च्या ठेव."

मी कंदील लावला आणि चहा ठेवला. लाईट आली तेव्हा बातम्या चालू होत्या.

शेवट मला अक्कानंच सांगितला. सून डोंगराकडच्या एका गावात शाळा काढते. झाडाखाली मुलं बसलेली. बोटीवरचा नवरा तिला शोधत येतो आणि फाटकाशी उभा राहतो. ती त्याला बघते. मग फळ्याकडे वळते आणि पुढचा शब्द लिहिते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? संपलं. तो तिथंच उभा."

मी तिचा हात घट्ट धरला होता, एवढं आठवतं.

पुढे काही वर्षं गेली. माझ्या दोन्ही मुली शाळेत जायला लागल्या. गल्लीत बऱ्याच घरांत टीव्ही आले, तरी नानांची बैठक मोडली नाही. इतर मालिका आल्या, गेल्या. अक्का सांगायची, मी ऐकायचे. पण ही मालिका काही डोक्यातून जाईना. आणि नव्वदीनंतरच्या एका हिवाळ्यात अक्काचा निरोप आला. तिच्या यजमानांच्या पुण्याच्या नातेवाइकांनी त्या मालिकेचे सगळे भाग टीव्हीवरून कॅसेटींवर उतरवून ठेवले होते आणि त्या कॅसेटी त्यांनी जळगावला पाठवल्या होत्या. अक्का भाड्यानं व्हीसीआर आणणार होती. तिची सासू लेकीकडे गेलेली, मुलं शाळेत, मेहुणे कामावर. "सकाळी सुरू करू न संध्याकाळी संपवू. एका बैठकीत सगळी. आपण दोघीच."

आपण दोघीच! मला ते शब्दच इतके गोड लागले.

मी ह्यांना सरळ सांगितलं की मालिका बघायला जळगावला जाते. कुणाचं हळदीकुंकू, कुणाचं बारसं असं काही पुढे केलं नाही. हे म्हणाले, "एवढ्यासाठी?" मी म्हटलं, "एवढ्यासाठीच." मुलींचं जेवण शेजारच्या काकूंकडे लावलं. सगळं ठरलं, आणि आदल्या संध्याकाळी नाना म्हणाले, "घरमा टीव्ही शे ना, मंग जळगावले काब्र जावानं?"

मी समजावून सांगितलं. कॅसेट, व्हीसीआर, सगळे भाग एकदम. नानांचे डोळे चमकले.

"बठ्ठा भाग एकदम? मंग मी बी येस ना!"

काय बोलणार? त्यांना नाही म्हणणं माझ्या तोंडाला येईना. सकाळच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले, पारोळ्याला उतरून त्यांनी पेपर घेतला, आणि मी वाटभर मनातल्या मनात दात-ओठ खात होते.

अक्कानं दार उघडलं, माझ्यामागे नाना दिसले आणि तिचा चेहरा उतरला. पण लगेच पदर सावरून ती वाकली. मेहुणे घरीच होते. म्हणाले, "नाना येतात म्हटल्यावर मी कामावर जातो होय?" रात्री ह्यांनी कुणाच्या तरी फोनवर निरोप दिला होता म्हणे, आमचे नाना येताहेत म्हणून. मेहुण्यांनी रजा टाकली होती. एवढंच नाही, थंडीचे दिवस, नानांसारखा पाहुणा, म्हणून भरताची मोठाली वांगी आणून ठेवली होती आणि शेजारच्या चार-पाच जणांना भरीत खायला बोलावलं होतं. सगळे निवृत्त, सगळे रिकामे. "मालिका पण होईल, भरीत पण होईल," मेहुणे म्हणाले. त्यांना खरोखर वाटत होतं की ते आम्हाला आनंदच देताहेत.

पहिली कॅसेट आत गेली तेव्हा खोलीत माणसं बसली होती आणि आम्ही दोघी मागच्या अंगणात. कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी ठेवलेली. धूर डोळ्यांत. अक्का वांगी उलटत होती, मी हिरव्या मिरच्या आणि लसूण सोलत होते. मागचं दार उघडं होतं. आतून मालिकेचं गाणं आलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं होतं असं मी अक्काला म्हटलं.

"जाऊ दे," अक्का म्हणाली, "मी सांगते ना तुले." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. मला वाटलं तिला पाठच आहे. आत आवाज यायचा आणि ही इकडे वांग्याची दांडी धरून म्हणायची, "आता ती जिन्यावरून उतरू राहिली." "आता दीर आला, हातात पेपर आहे त्याच्या." मी ऐकत होते. खरं सांगायचं तर थोडी शांतही झाले होते. एक भाग गेला, दुसरा गेला, पुढचेही गेले. कुणीतरी आतून पाणी मागितलं, मी देऊन आले. देताना टीव्हीकडे नजर टाकली, पण तेव्हा बडीशेपेसारख्या कसल्यातरी पानमसाल्याची जाहिरात चालली होती.

मग तो भाग आला. आवाजावरून मला लगेच कळलं. सासू म्हणत होती, "खाना लगा दो." अक्का ताठ झाली. तिनं हातातलं वांगं विस्तवावर तसंच ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आता पाह्य. आता ती ताट आणेल. वरून झाकलेलं. आता ठेवलं. आता सासूनं हात घातला..."

मला राहवलं नाही. मी उठले आणि दारात जाऊन उभी राहिले.

पडद्यावर सासू जेवत होती. ताटात पोळी होती, भाजी होती. सून भिंतीपाशी गेली, कमरेचा जुडगा काढला, खुंटीला अडकवला आणि अंगणात ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली की मी संध्याकाळी उशिरा येईन, माझं जेवण काढून ठेवा. आणि बाहेर पडली. झालं.

मागे अंगणात अक्का अजून सांगत होती, "एक शब्द बोलली नाही व ती."

मी परत आले. तिच्यासमोर उकिडवी बसले. "अक्का, ताट कुठे आहे?"

"कोणतं?"

"किल्ल्यांचं. तिनं किल्ल्या खुंटीला लावल्या. आणि ती बोलली. चांगली दोन वाक्यं बोलली."

अक्कानं माझ्याकडे बघितलं नाही. ती वांगं उलटायला लागली. साल फुटून वाफ आली.

"तू बघितलं होतंस का?" मी विचारलं. "अक्का, तू ही मालिका बघितली होतीस का?"

"मले तरी कुठी पायाले भेटे व?" ती एकदम म्हणाली. "तुह्या घरी नाना, मह्या घरी हे. त्याहिचे मित्र, सासूच्या मैतरणी. मी अठीच. नाहीतर चुलीपाशी. आवाज येयाचा. एखादखेपी डोकावलं तर काही दिसे. राहिलेलं मी लावून घेऊ."

"लावून घेऊ म्हणजे? मला खोटं सांगितलंस?"

"तू इतलं विचारे व! पुढी काय झालं, पुढी काय झालं. दार लोटत नाही तोवर. मी काय म्हनू, मले माहीत नाही?"

मला इतका राग आला की मिरच्यांचं ताट मी बाजूला सारलं तर ते उपडंच झालं. तिच्यावर आला होता का, ते मला धड सांगता येणार नाही. मला वाटत होतं की निदान एक जण, आमच्यातली एक जण तरी, बसून बघत होती. जळगावला तरी. इतकी वर्षं मी त्यावर समाधान मानलं होतं. आणि ही पण दाराच्या मागेच. आतून हसण्याचा आवाज आला, आणि नानांचा, "बेटा, च्या व्हई जाई का?"

मी आत गेले. व्हीसीआरचं कुठलं बटण कशाचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी टीव्हीच बंद केला.

"काय झालं? लाईट गेली का?" मेहुण्यांनी विचारलं.

"नाही. मी बंद केला," मी म्हटलं. "भाऊजी, ही कॅसेट अक्कानं मागवली होती. आम्हा दोघींसाठी. आता ती पहिल्यापासून लागेल आणि अक्का नि मी इथं बसू. वांगी मागे विस्तवावर आहेत. ज्यांना भरीत खायचंय त्यांनी ती उलटावीत."

शेजारचे एक गृहस्थ चपला शोधायला लागले. मेहुणे माझ्याकडे बघत होते तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. नानांकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. सासरा तो, परक्या घरी, चार माणसांत. आता ते सामान उचलतील आणि स्टँडचा रस्ता धरतील, असंच मला वाटलं.

नाना गुडघ्यावर हात ठेवून उठले. धोतर झटकलं.

"चला रे बठ्ठा," ते म्हणाले. "भरीत करानं ते माणसेसनं काम शे. मळामा आम्हीच करूत." आणि माझ्याकडे न बघता मागच्या दारानं अंगणात गेले. बाकीचे त्यांच्यामागून. अक्का हात पुसत आत आली तेव्हा ती रडलेली होती, आणि मीही काही हसत नव्हते. आम्ही दार लावून घेतलं.

मेहुणे एकदाच आत आले. कॅसेट मागे फिरवून दिली, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि गेले.

मग आम्ही बघितली. सगळी. पहिल्या भागापासून. बाहेर नाना मीठ कुठे, तेल कुठे म्हणून मेहुण्यांना विचारत होते, भरीत ठेचल्याचा धपधप आवाज येत होता. आमची जेवणं आम्ही टीव्हीसमोरच केली. भरीत फार तिखट झालं होतं.

मी आता छान वाटलं म्हणायला हवं. पण नाही वाटलं. ती मालिका, जिच्यासाठी मी इतकी वर्षं तळमळले, ती बरी होती. नुसती बरी. जिना मोठा होता हे खरं, पण तो सारखा दाखवायचे. सून सुंदर होती, पण रागावली तरी तिचा अंबाडा हलायचा नाही. वकील सासरे प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसायचे. संवाद मला जवळजवळ पाठ होते, म्हणून त्यातलं नवीन असं काही उरलंच नव्हतं. आणि जिथे संवाद नव्हते, जिथे मला वाटायचं की आता काहीतरी मोठं घडत असणार, तिथे बहुतेक वेळा बाई खिडकीतून बाहेर बघत असायची.

"इथं मी सांगितलं होतं, ती पत्र जाळते," अक्का एकदा हळूच म्हणाली.

"हं. ती तर नुसती बसलीय."

"मग काय करू? लई वेळ आवाजच नाही आला."

तेव्हा आम्हाला दोघींनाही जरा हसू आलं. पण शेवटच्या भागानं तेही घालवलं. अक्कानं सांगितलेली डोंगराकडची शाळा त्यात नव्हतीच. सासू आजारी पडते. शाळेजवळ खोली घेऊन राहिलेल्या सुनेला निरोप जातो. सून नोकरीचा राजीनामा देते, घरी येते, खुंटीवरच्या किल्ल्या काढते आणि कमरेला लावते. नवरा बोटीवरून आलेला असतो. सगळे ओसरीवर उभे राहून हसतात. गाणं लागतं.

अक्का टीव्हीकडे बघत राहिली. "ही परत आली?" ती म्हणाली. "इतलं सगळं करून परत आली?"

"शेवटचा भाग तू अजिबातच बघितला नव्हतास का?"

"आमच्याकडेही लाईट गेली होती व त्या दिशी."

आम्ही दोघी त्या लिहिणाऱ्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. अक्काचं म्हणणं, त्याला कुणीतरी घाबरवलं असणार. मी म्हटलं, तसं काही नाही, त्याला एवढंच सुचलं. निघताना मी तिच्या पाया पडले तर तिनं मला उठवलं आणि विचारलं, "रागावली का?" मी म्हटलं, "तुझ्यावर नाही." आणि ते खरं होतं, पण मग कुणावर, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नाही.

संध्याकाळच्या एस.टी.त नाना पुन्हा खिडकीशी. एरंडोलपर्यंत ते सकाळचाच पेपर पुन्हा वाचत बसले. मी मनाची तयारी करत होते. घरी गेल्यावर ह्यांना सांगतील, माझी शोभा होईल, होऊ दे. एरंडोल सोडलं आणि नाना घसा खाकरून म्हणाले, "मंग? शेवट काय व्हयना?"

मला क्षणभर कळलंच नाही.

"आम्ही बाहेर होतूत ना," ते म्हणाले. "अर्धीच देखाई. त्या दिवशी लाईट बी गई व्हती. शेवट काय?"

"ती घरी परत आली, नाना."

"हां," नाना समाधानानं मागे टेकले. "बरं व्हयनं. घर ते घरच ऱ्हास."

"काय बरं झालं?" मी म्हटलं. आणि मग मी थांबलेच नाही. सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात मी त्यांना विचारलं की ज्या घरानं तिला शाळेत जाऊ दिलं नाही त्या घरात ती का परत आली, सासूला बघायला धाकटी सून नव्हती का, नणंद नव्हती का, नवरा चालता-फिरता समोर उभा होता ना? नाना म्हणाले, सासू आजारी शे, मानसानी जात आसी कशी वागी? मी म्हटलं, आजारपण चार महिन्यांचं, राजीनामा जन्माचा. नाना म्हणाले, तू ती मालिका ध्यान दिसन देखी नही, त्या बाईना मनमा मायाच व्हती. मी म्हटलं, नाना, मी आज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही भाग न सोडता बघितलीय, तिच्या मनात काय होतं ते तुम्ही मला सांगू नका.

पुढच्या बाकावरची एक बाई वळून म्हणाली, "कोणती हो? ती वकिलाच्या घरातली? मी पण तेच म्हटलं होतं आमच्याकडे. तिनं परत जायला नको होतं." तिचा नवरा म्हणाला, "तू कधी बघितलीस?" ती म्हणाली, "बघितली. अर्धीमुर्धी." कंडक्टरनं तिकिटाचा चिमटा टकटक वाजवत नानांची बाजू घेतली. पारोळ्याला दोन माणसं चढली, त्यांना बसायच्या आधी विचारलं गेलं. गाडीतले सगळे पुरुष नानांकडे, बायकांमधल्या अर्ध्या माझ्याकडे, उरलेल्या गप्प.

धुळ्याला स्टँडवर उतरलो तरी आमचं संपलं नव्हतं. रिक्षात बसून पांझरेच्या पुलावर आलो तेव्हा नाना म्हणाले, "तू म्हनस ते एक येळ मानू. पन ती घर नही उनी ऱ्हाती ते त्या म्हातारीले कोन देखता?"

"तुम्ही बघितलं असतं का, नाना?" मी विचारलं. "तुम्ही त्या घरात असतात तर?"

नानांनी पुलाखालच्या कोरड्या वाळूकडे बघितलं. "तो दुसरा प्रश्न शे," ते म्हणाले.

"तोच आहे," मी म्हटलं. रिक्षा गल्लीत वळली. दारात माझ्या दोन्ही मुली उभ्या होत्या, हातात कंपासपेटी, आणि हे आतून ओरडत होते की गॅस पेटवायची काडेपेटी कुठे ठेवलीय.